आत्यांनी लावलेलं अंजीर

दिवाळी झाली की आमची मेंढरं घर सोडतात आणि मृगाच्या तोंडावर माघारी येतात. कवठे महांकाळच्या पूर्वेला आमची वस्ती. इकडं उन्हाळ्यात मेंढरानं तोंड लावावं असं काही उरत नाही, म्हणून कृष्णाकाठ धरून वर साताऱ्याकडं सरकायचं, पीक निघालेल्या रानात रात्री मेंढरं बसवायची, आणि खताच्या बदल्यात शेतकरी देईल ते धान्य घ्यायचं. माझे सासू-सासरे अर्ध्याहून जास्त वर्ष असे वाटेवर असतात. नवरा धनाजी तासगावला द्राक्षबागेत कामाला. म्हणजे तेवढे महिने घर एकटीचं. सुनेला याहून मोठं सुख देवानं केलेलं नाही, असं मी माहेरी मिरवायची.

सासूचं नाव धोंडुबाई, सासऱ्यांचं कोंडीबा. मी त्यांना आत्या आणि मामा म्हणते. आत्यांची जीभ कोयत्याला लाजवील अशी. आणि मामांना बोलतं करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. मेंढरांशी मात्र दिवसभर बोलतात. "माझ्यापरीस त्या शिंगमोडीला ह्यांच्या मनातलं जास्त ठावं हाय," असं आत्या चारचौघात म्हणायच्या, आणि मामा शिंगमोड्या मेंढीच्या पाठीवर हात फिरवत बसायचे.

तर त्या वर्षी दसरा झाला आणि आत्यांनी जाहीर केलं, "आवंदा म्या येनार न्हाई."

मला वाटलं गुडघे. गुडघ्यांनी त्या बेजार होत्याच. मी म्हटलं, "ऱ्हावा की आत्या. मी तेल चोळून देते रोज."

"गुडघं कवाचंच गेल्यात. त्येचं न्हाई काय," त्या म्हणाल्या. "मला झाडाचं फळ बघायचंय."

झाड म्हणजे घरामागच्या परड्यातलं अंजीर. ते आत्यांनी लावलेलं. चिकाचं झाड घराजवळ लावू नये म्हणतात, आजूबाजूच्या बायकांनी तसं सांगितलंही होतं, पण आत्यांनी कुणाचं ऐकलं नाही. त्याचा बहर फाल्गुन-चैत्रात पिकतो. तेव्हा आत्या-मामा कऱ्हाडच्याही पुढं कुठल्यातरी रानात. पावसाळ्यात एखाददुसरं फळ धरतं, पण ते पाणचट आणि आतून किडकं. त्याला कुणी हात लावत नाही. खरं फळ मी खाल्लं, धनाजीनं खाल्लं, माझ्या सृष्टीनं आणि जयराजनं झाडावर चढून खाल्लं. आत्या माघारी यायच्या तेव्हा नुसती पानं. "औंदा लय आली हुती," असं आम्ही सांगायचो, आणि त्या "व्हय का" म्हणून खोडावरून हात फिरवायच्या.

धनाजी बागेत छाटणीला जायच्या घाईत होता. तो हसला. म्हणाला, "आये, अंजिरासाठी घर धरून बसतीस व्हय? तासगावच्या बाजारातनं पेटी आणून देतो की."

आत्यांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. ते अंजीर कुठलं आहे हे त्यालाही ठाऊक होतं, बोलायच्या भरात विसरला इतकंच.

ते आहे खंडाळ्याकडचं. धनाजीच्या आधी आत्यांना एक मुलगी झाली होती. वाटेवरच झाली, खंडाळ्याच्या अलीकडं, लालासाहेब म्हणून एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती तेव्हा. बारशाच्या आधीच गेली. तिला ताप आला आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. कुठं पुरायचं हा प्रश्न, कारण परक्याचं रान, उद्या नांगर फिरायचा. तेव्हा लालासाहेबांची बायको लीलाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आमच्या अंजिराच्या बुडाशी ठेवा, तिथं नांगर कधी लागत नाही. खड्डा मामांनी एकट्यानं खणला. दोन दिवसांनी मेंढरं पुढं हलवावी लागली. मेंढरं कुणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत.

पुढं दरवर्षी त्या वाटेनं जाताना लीलाबाई ओंजळभर पिकली अंजिरं आणून द्यायच्या. आत्या हात मागं घ्यायच्या. मग काही वर्षांनी त्या रानात कारखाना आला. लीलाबाईंनी निरोप धाडला की झाड जाणार आहे, काडी घेऊन जा. ती काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून, घोड्यावरच्या बिऱ्हाडात घालून आत्यांनी इथवर आणली आणि परड्यात लावली.

हे सगळं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी जोंधळे निवडताना त्यांनी सांगितलं होतं, एकदाच. त्या दसऱ्याला मी धीर करून विचारलं, "तवा खाल्लं न्हाई, मग आत्ता का वो, आत्या?"

"तवा वाटायचं, तिलाच खाल्ल्यागत हुईल," त्या म्हणाल्या. "आता म्हातारपनी उलटं वाटाय लागलंय. पोरीनं वरसावरसाला ताट वाढून ठिवलं, आन् आईनं एकदाबी हात लावला न्हाई. मरायच्या आदी एक फळ खाईन म्हनते. लय मागतीया का म्या?"



आता निघायच्या आधी मामांचं एक ठरलेलं काम असायचं. कोयता घेऊन ते अंजिरावर चढायचे आणि सगळ्या फांद्या उतरवायचे. घरी ठेवलेल्या कोकरांना तो पाला टाकायचा. धनगराला हिरवी फांदी दिसली की कोयता आठवतो, बाभळ असो नाहीतर शेवरी, त्यात नवल काही नाही. पण हे झाड तोडताना आत्या दरवर्षी घरात जाऊन बसायच्या आणि आतून शिव्या द्यायच्या. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करून आपलं काम उरकायचे.

त्या वर्षी आत्या घरात गेल्या नाहीत. मामा कोयता घेऊन आले तशा त्या खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"सरक," मामा म्हणाले.

"न्हाई सरकत. किती येळा तोडायची तिला?"

'तिला' म्हणाल्या. त्याला नाही. मी दारात उभी होते, मी स्वतः ऐकलं. मामांनी कोयता खाली घेतला. ओठ हलले, काहीतरी बोलतील असं वाटलं. मग त्यांनी कोयता कमरेला खोचला आणि कोकरांसाठी शेवरी तोडायला ओढ्याकडं निघून गेले.

दिवाळीनंतर मेंढरं निघाली. सोबतीला मामांचा पुतण्या गुंडा होता. उभ्या जन्मात मामा पहिल्यांदाच आत्यांशिवाय चालले होते. वाटेला लागताना त्यांनी मागं वळून बघितलं नाही, आणि आत्याही दारापर्यंत आल्या नाहीत.

मग आत्यांनी त्या झाडाचं जे केलं ते मी माझ्या पोरांचंही केलेलं नाही. आळं केलं, लेंडीखत घातलं. आमच्याकडं आता कॅनॉलचं पाणी आलंय, त्यामुळं पाण्याला तोटा नाही. त्या सकाळ-संध्याकाळ घागर ओतायच्या. पक्षी येतील म्हणून धनाजीकडून द्राक्षबागेतली जुनी जाळी मागवून ठेवली. जयराजनं एक पान तोडलं तर त्याला पाठीत धपाटा बसला. झाड असं फोफावलं की परड्यात ऊन उतरेना. पानं सुपाएवढी. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्या दाखवायच्या, "बगा कशी भरलीया."

मला मात्र आतून भीती वाटायला लागली होती. दरवर्षी मार्गशीर्षात नव्या फुटव्यांवर पानागणिक एकेक हिरवी गोटी दिसायची. संक्रांतीपर्यंत ती लिंबाएवढी व्हायची. यंदा मार्गशीर्ष गेला, पौष लागला, आणि झाडावर पानाशिवाय काही नव्हतं. आत्यांना गोट्या कधी धरतात हे कुठं ठाऊक, त्यांनी कधी बघितलेलंच नाही. त्या म्हणायच्या, "यील. फाल्गुनाला अवकाश हाय." मी "व्हय" म्हणायची. खोटं बोलायला मी कुणाला हार जाणारी नव्हे, पण ते एवढंसं "व्हय" म्हणताना मी झाडाकडं बघायचं टाळायची.

संक्रांतीला धनाजी आला. दसरा उरकला की तो छाटणीला निघून जातो, त्यामुळं मामा झाड तोडतात हे त्यानं लहानपणी बघितलेलं, पुढं त्यावर विचार केला नव्हता. तो परड्यात गेला, झाडाभोवती फिरला आणि आईजवळ बसला.

"आये, ह्येला आवंदा कोयता लावला न्हाई व्हय?"

"म्या लावू दिला न्हाई."

"मग फळ कशावर धरंल? द्राक्षाचंबी तसंच असतंय. आक्टोबरला छाटली तरच नव्या काडीवर घड. न छाटता नुसतं पानी दिलं की येल माजतो, पालाच पाला. अंजिराचीबी तीच जात दिसतीया."

तो बोलत गेला. बागेत राबणाऱ्या माणसाला छाटणीवर बोलायचं म्हटलं की भान राहत नाही. आत्या ऐकत होत्या. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण त्याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. बोलून झाल्यावर आत्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी ह्येंनी तोडलं म्हून येत हुतं?"

"तसंच म्हनायचं."

त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "गुंडाला फोन लाव."

मामांकडं मोबाईल नाही, गुंडाकडं आहे. तो म्हणाला, आम्ही कऱ्हाडच्या पुढं आहोत, काका जवळच आहेत. मी आवाज मोठा करून फोन आत्यांच्या हातात दिला. त्यांना फोन धरायची सवय नाही. तोंडासमोर आरशासारखा धरला.

"आवं," त्या म्हणाल्या, "झाड तोडल्याबिगर फळत न्हाई, ह्ये तुमास्नी ठावं हुतं?"

पलीकडं मेंढरं ओरडत होती. त्यातून मामांचा आवाज आला. "हुतं. काडी दिली तवाच लालासायबांनी सांगितलं हुतं. दसरा झाला की तोडा म्हनले."

"मग त्या दिशी बोलला का न्हाई?"

"तू आडवी हुबी ऱ्हायलीस. तुला वाटलं तिला लागंल. मग म्या कसा कोयता घालू?"

आत्यांनी फोन आणखी जवळ धरला. "आन् इतकी वरसं? आपुन दोघंबी हितं न्हाई, फळ बघायचं न्हाई, तरी दरसाल तोडत हुता. शिव्या खाऊन तोडत हुता. कशापायी?"

"तिच्या भाच्यांनी खावं म्हून," मामा म्हणाले, आणि फोन गुंडाकडं दिला.

सृष्टी आणि जयराज तिथंच खेळत होते. तिची भाची आणि तिचा भाचा. मी ते नातं कधी मोजलंच नव्हतं. माझ्या पोरांना सख्खी आत्या आहे, धनाजीची बहीण, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ती खंडाळ्याच्या रानात राहिली आणि तिचा खाऊ दरवर्षी माझ्या घरात येत होता. मी पदर तोंडाला लावला आणि चुलीपुढं जाऊन बसले.

दोन दिवस आत्या परड्याकडं फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "मंगल, तू खाल्लंयस दरसाल. कसं लागतंय गं?"

मी आजवर नवऱ्याला, जावांना, सगळ्या वस्तीला उत्तरं दिली असतील, पण या वेळी मी हातातली भाकरी बाजूला ठेवली. मी म्हटलं, "वरनं मऊ असतंय आत्या, लोन्यागत. आत बारीक बिया, दाताखाली कुरकुर वाजतात. ग्वाड लय, पन साखरेवानी न्हाई. हळूहळू ग्वाड लागतंय."

"पोरं पोटभर खायाची?"

"पोट दुखूस्तवर खायाची."

"मग झालं," त्या म्हणाल्या. त्या वर्षी झाडाला एकही फळ आलं नाही. आत्यांनी जाळी घडी करून माळ्यावर टाकली.

मृगाला मामा आले. दोघांत काही बोलणं झालं असेल तर ते आम्हाला कळलं नाही. आश्विनात दसऱ्यानंतर मामा कोयता घेऊन परड्यात गेले आणि झाडापाशी थांबले. या वेळी आत्या स्वतः आल्या. त्यांनी एक फांदी दोन्ही हातांनी खाली वाकवली आणि धरून उभ्या राहिल्या. "मारा," म्हणाल्या. मामांनी घाव घातला. पांढरा चीक आत्यांच्या हातावर ओघळला, तो त्यांनी पुसला नाही. एकामागून एक सगळ्या फांद्या त्यांनी अशाच धरून दिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही.

मला वाटलं, आता यंदा आत्या घरी राहणार आणि चैत्रात पोटभर खाणार. पण दिवाळी झाली आणि त्यांनी आपली वाकळ घोड्यावर टाकली.

"आत्या, आवंदा तर फळ नक्की येनार, आन् तुमी चालला?"

"गेल्या साली ह्यो मानूस एकलाच गेला. येताना बघितलंस का कसा दिसत हुता? चुलीवर भाकरी करून खाल्ली असंल का न्हाई, देव जानं," त्या म्हणाल्या. "पोरं खात्यात, तेवढं मला बास हाय. तिला काय आन् मला काय, कुनीतरी खाल्लं म्हंजी झालं."

मला ते पटलं नाही. माणूस मनाची समजूत घालतो तेव्हा असंच शहाण्यासारखं बोलतो. पण त्या निघून गेल्या.

मार्गशीर्षात गोट्या धरल्या. जाळी मी काढून झाडावर घातली. पौषात धनाजी संक्रांतीला आला होता, तेव्हा गुंडाचा फोन आला. मामांना बोलायचं होतं, आणि तेही आपणहून. मी घाबरलेच. ते धनाजीला एवढंच म्हणाले, "पानी हाय तर दोन वाफं जास्तीची मका पेर." का, कशाला, काही नाही. धनाजी म्हणाला, म्हाताऱ्याच्या मनात काय असतंय कुणाला ठाऊक. त्यानं मका पेरली.

चैत्र लागला. अंजिरं पिकायला लागली, जांभळट होऊन मान टाकायला लागली. पोरं रोज खायची. मी त्या वर्षी एकही खाल्लं नाही, मला खाववेना.

एका दुपारी उन्हाचा कहर चालू असताना लांबून घंटा ऐकू आल्या. मी बाहेर आले. ओढ्याच्या पलीकडनं धुरळा उठला होता आणि त्यातून मेंढरं येत होती. आमचीच मेंढरं. चैत्रात मेंढरं माघारी आणणारा धनगर मी आजवर बघितलेला नाही. काठावर चारा सोडून ऐन उन्हात या कोरड्या मुलखात कोण येतं? घरात कुणी गेलं असलं तरच. मी अनवाणीच धावले.

पुढं मामा होते, धडधाकट. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मेंढरांस्नी मका तयार हाय न्हवं?"

मागं घोड्याबरोबर आत्या चालत होत्या, घामानं निथळलेल्या आणि रागानं लाल. "डोस्कं फिरलंय ह्येंचं," त्या लांबूनच सांगायला लागल्या. "कऱ्हाडच्या पुढनं मेंढरं फिरवली. बोलत न्हाईत, सांगत न्हाईत. म्या रोज इचारतीया, कुटं चाललाय. चल म्हनत्यात निस्तं. दोन कोकरं उनानं गेली वाटंत. दोन कोकरं, मंगल."

कोकरू मेलं की मामा दिवसभर जेवत नाहीत, हे मला माहीत होतं. मी पुढं झाले. आत्यांचा हात धरला आणि त्यांना परड्यात नेलं.

जाळीखाली झाड फळांनी लगडलं होतं. आत्या बोलता बोलता थांबल्या. मी जाळी वर केली. त्यांनी हात पुढं केला, मग मागं घेतला, पदराला पुसला आणि पुन्हा पुढं केला. सगळ्यात खालचं फळ त्यांनी देठ पिरगळून काढलं. दोन बोटांनी फोडलं, आतला लाल गर बघितला आणि उभ्या उभ्या खाल्लं. खूप सावकाश.

मामा परड्याच्या कडेला हौदावर मेंढरांना पाणी पाजत होते, आमच्याकडं पाठ करून.

"आवं," आत्यांनी हौदाकडं तोंड करून हाक मारली. "आवं, ग्वाड हाय वो."

मामांनी बादली खाली ठेवली. धोतराला हात पुसत ते झाडाखाली आले आणि आत्यांपुढं तळहात पसरला.

"मलाबी दे एक," ते म्हणाले. "म्याबी कवा खाल्लं न्हाई."

इतक्या वर्षांत आम्ही कुणीच त्यांना विचारलं नव्हतं.